देवाच्या खांद्यावरचा लेप

आमच्या प्रयोगशाळेच्या दारावरची पाटी वाचून माणसं दोनच गोष्टी घेऊन आत येत : एक दूध आणि दुसरी लघवी. पाटीवर 'रासायनिक प्रयोगशाळा' हे शब्द ठळक होते आणि ती कशासाठी, हे खालच्या ओळीत बारीक अक्षरांत होतं. तिथपर्यंत वाचण्याइतका वेळ रत्नागिरीत कुणाला नसे. दुधात पाणी आहे की नाही, हे मी फावल्या वेळात सांगत असे, त्यामुळे दोन गवळी माझ्याशी बोलेनासे झाले. दुसऱ्या बाटलीला मात्र आमचे परिचर गोविंदमामा अदबीने सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवत.

खरं काम जुन्या वस्तूंचं होतं. मूर्ती, तोफा, ताम्रपट, हत्यारं, देवळातले लाकडी खांब, यांना काय झालंय ते तपासायचं आणि जमलं तर थांबवायचं. 'बरं करायचं' असं मुद्दाम म्हणत नाही, कारण झिजलेला दगड परत भरून येत नाही. आमच्याकडे एक सूक्ष्मदर्शक होता, एक ओव्हन, शुद्ध पाणी काढायचं काचेचं यंत्र, काचेच्या पेटीतला नाजूक तराजू, हवेतली आर्द्रता मोजणारं एक उपकरण आणि रसायनांच्या बाटल्यांची दोन कपाटं. आर्द्रता मोजणाऱ्या उपकरणाची मला दया येई. जूनमध्ये त्याचा काटा जो वर जाऊन बसे तो दसऱ्यापर्यंत खाली बघत नसे. गोविंदमामा म्हणत, "ताई, हे कशाला बघता? भिंतीवरची बुरशी बघा, तेवढंच कळतं."

गिऱ्हाइकंही एकेक येत. खेडकडचे एक गृहस्थ पूर्वजांची तलवार घेऊन आले. गंज इतका चढला होता की म्यानातून अर्धीच निघत होती. तीन आठवडे खपून मी पातं उजळवलं, तर मुठीजवळ विलायती कारखान्याचा शिक्का आणि अनुक्रमांक निघाला. गृहस्थ बराच वेळ त्या शिक्क्याकडे बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "बाई, गंज परत लावून मिळेल काय?"

तो मिळत नाही. पण त्यांच्या त्या प्रश्नात आमच्या धंद्याचा मोठा नियम आहे. आम्हांला शिकवताना साहेब पहिल्या दिवशीच सांगत की जुन्या वस्तूला जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे, कारण आज शहाणपणाने केलेलं काम उद्या चूक ठरू शकतं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. आपल्यावर तशी वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं. मी विद्यापीठात रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात आले होते, आणि पहिल्या वर्गात आलेल्यांना असं वाटत नसतंच.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. संगमेश्वरच्या आत, डोंगराच्या कुशीत एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण मंडळी अजून आहेत आणि हा अंक तिथेही जातो. त्या गावाहून एक पत्र आलं : 'देवाच्या अंगाचे पोपडे निघत आहेत तरी त्वरित इलाज व्हावा.' दिवाळी नुकतीच झाली होती. मी आणि गोविंदमामा बाटल्यांची लाकडी पेटी मांडीवर घेऊन एसटीने निघालो. कंडक्टरने विचारलं, "पेटीत काय?" गोविंदमामा म्हणाले, "देवाचं औषध." त्याने पेटीचं तिकीट फाडलं नाही.

देऊळ जांभ्या दगडाचं, कौलारू, आत पाय ठेवला की गार वाटावं असं. गाभाऱ्यात कमरेएवढ्या उंचीची काळ्या दगडाची मूर्ती. दारात गावचे मानकरी आबा सुर्वे उभे होते. गावातल्या सगळ्यांच्या वतीने बोलायची सवय असलेले आणि बहुधा देवाच्याही. त्यांच्या मागे गुरव, म्हणजे देवाची पूजा करणारे धोंडूतात्या. सत्तरीचे, काटकुळे, आणि आबांच्या बरोबर उलट. त्यांच्या तोंडून शब्द निघायला वेळ लागे.

मला पाहून आबांचा चेहरा उतरला. "सायेब यनार बोल्ले व्हते."

"मीच साहेब," मी म्हटलं.

अडचण सरळ होती. गाभाऱ्यात बाईमाणूस जात नसे. मी शास्त्र, सरकार, घटना वगैरे सगळं काढायच्या बेतात होते, तेवढ्यात तात्या म्हणाले, "इचारू या की द्येवाला."

आता हा कौल म्हणजे काय ते सांगायला हवं. गुरव तगरीच्या दोन पाकळ्या पाण्याने ओल्या करून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवतो. मग सगळ्यांच्या देखत गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला प्रश्न विचारतो. उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्यावरची पडली तर नकार. दोन्ही एकदम पडल्या तर देव बोलला नाही, पुन्हा विचारायचं. शिमग्याच्या पालखीपासून जमिनीच्या भांडणापर्यंत गावची मोठी कामं या दोन पाकळ्यांवर ठरत. मी बाहेर उभी राहून मनात हसत होते. पाणी सुकेल तशी पाकळी सुटणार, यात देव कुठे आला?

उजवी पडली. देव पुरोगामी निघाला आणि मी आत गेले.

पोपडे पाहिल्याबरोबर मला मिठाचा संशय आला. दगडात मीठ मुरलं की पावसाळ्यात ते विरघळतं, उन्हाळ्यात पुन्हा त्याचे खडे होतात, आणि ते फुगताना दगडाची साल आतून उचलतात. हे तपासायची रीत सोपी आहे. शुद्ध पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा दगडावर थापायचा, तो वाळताना मीठ ओढून घेतो. मग तो लगदा पाण्यात घोळून त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. मीठ असेल तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. आमचं पाणी ताकासारखं झालं.

"मीठ?" आबा म्हणाले. "आमचा द्येव काय खारवलेला बांगडा हाय काय, बाई?"

प्रश्न रास्त होता. समुद्र तिथून कितीतरी लांब. मी विहिरीचं पाणी तपासलं, चुन्याची भिंत तपासली, गावातल्या बायकांकडे उगाच संशयाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी तात्यांची पूजा बघत बसले आणि उलगडा झाला. नवसाचा प्रत्येक नारळ देवाच्या डोक्यावर धरून फोडायचा आणि त्यातलं पाणी देवाच्या अंगावरून सोडायचं, अशी तिथली रीत. मुंबईहून येणारा प्रत्येक चाकरमानी निदान एक नारळ फोडल्याशिवाय परतत नसे. मी वाटीभर नारळाचं पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर त्यात दोन थेंब टाकले. पाणी पांढरंफेक झालं. आबा वाटीत वाकून म्हणाले, "आयला, इतकी वर्षं आमी द्येवाला मिठात घालून ठ्येवला."

पुन्हा कौल. नारळाचं पाणी यापुढे देवाच्या पायाशी ठेवलेल्या परातीत सोडलं तर चालेल काय? उजवी. दोन होकार मिळाल्यावर मी शेफारले. हा देव आपल्या बाजूचा आहे, असं मी एसटीत गोविंदमामांना म्हणालेसुद्धा.

दिवाळीपासून माघापर्यंत आमच्या फेऱ्या चालल्या. लगदा थापायचा, काढायचा, पाणी तपासायचं, पुन्हा थापायचा. हळूहळू ताकाचं धुकं झालं आणि एक दिवस थेंब टाकल्यावरही पाणी नितळ राहिलं. त्या दिवशी मी देवळाच्या पायरीवर बसून चटणीशी चार घावनं खाल्ली.

मग शेवटचा लेप. कृत्रिम राळ आणि थोडं मेण टोल्यूइनमध्ये विरघळवून मूर्तीला मऊ ब्रशने द्यायचं. टोल्यूइन म्हणजे पेट्रोलच्या जातीचं, म्हणून नंदादीप सभामंडपात हलवला, दारं उघडी टाकली. मुकुटापासून पावलांपर्यंत एक कण सोडला नाही. दगड चमकला नाही, काळाच दिसला, ही माझ्या हाताची करामत. लेप वाळल्यावर तात्यांनी तांब्याभर पाणी देवावर सोडलं. ते अळवाच्या पानावरून जावं तसं थेंब थेंब होऊन घरंगळलं. तात्या दगडावरून बोट फिरवत म्हणाले, "पानी धरत नाय आता."

ती मला शाबासकी वाटली. मी "हो ना!" असं म्हणाले.

महिन्याभराने, शिमगा तोंडावर आलेला असताना, तात्या एकटेच प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. हातात केळीच्या पानाची पुडी. दारावरची पाटी त्यांनी वाचली नव्हती, त्यामुळे बाटली वगैरे काही आणलेली नव्हती. गोविंदमामांनी स्टूल दिलं, चहा दिला. तात्यांनी चहा संपवला.

"बाई, द्येव बोलत नाय."

"म्हणजे?"

"पाकल्या लावल्या की पडतात. दोनी. लगेच. पालखी कंच्या दिवशी भायर काडायची त्याला कौल लावला, पाच येळा. पाची येळा दोनी पडल्या."

मला कळलं. लेपावरून पाणी घरंगळलं तशा पाकळ्याही घरंगळत होत्या.

"गाव काय म्हणतंय?"

"द्येव रुसला बोलतंत. तात्यानं बाईमानसाला आत घेतलंन, त्याच्या हाताला आता द्येव नको बोलतो." त्यांनी कप खाली ठेवला. "पलीकडच्या वाडीत आमचा चुलत घराना हाय. परवा गाव बसनार. पालखी उठायच्या आदी पूजा त्यांच्याकडं जायल."

पूजा जाणार म्हणजे काय ते मला गोविंदमामांनी नंतर नीट सांगितलं. तात्यांच्या घराण्यात ती कित्येक पिढ्या होती. त्यावर त्यांचं घर चाले, ते एक झालं. पण 'देवाने टाकलेला गुरव' म्हणून त्या माणसाला उरलेलं आयुष्य त्याच गावात काढावं लागलं असतं. आणि हे सगळं मी पहिल्या वर्गात पास झाल्यामुळे.

तात्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. पुडी सोडली. आत तगरीच्या पाकळ्या होत्या, पाणी शिंपडलेल्या. "तो लेप लावल्याला दगूड तुमच्याकडं आसल काय?"

होता. मूर्तीला हात लावण्याआधी आम्ही त्याच गावच्या पऱ्यातले, म्हणजे ओढ्यातले, दोन काळे धोंडे आणून एकाला लेप देऊन पाहिला होता. दोन्ही धोंडे टेबलावर उभे केले. तात्यांनी अनामिका पाण्यात बुडवली, पाकळीच्या पाठीला फिरवली आणि लेपाच्या धोंड्यावर टेकवली. ती घसरली आणि टेबलावर पडली. मग कोऱ्या धोंड्यावर. ती बसली. मी घड्याळ सुरू केलं. तीन मिनिटांच्या वर गेल्यावर ती अलगद सुटली. आम्ही चार-पाच वेळा केलं. मग मला वाटलं, आपणही लावून बघावी. माझी पाकळी लगेच पडली.

"पानी कमी झाला, बाई."

दुसरी लावली. ती पडेचना. गोविंदमामांनी दुसरा चहा आणला तरी ती तिथेच.

"आता जास झाला," तात्या म्हणाले.

मी घड्याळ खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हांला हे ठाऊक आहे? पाण्यावर असतं ते?"

पहिल्यांदाच ते हसले. "पन्नास वर्सां लावतोय. मना ठावक नाय तर कुनाला?"

"मग कौल तुम्हीच देता की!" मी बोलून गेले आणि जीभ चावली. तात्यांचा चेहरा बदलला, पण राग नव्हता. पोराला समजावावं तसं ते म्हणाले, "दोनीकडं सारका लावायचा, ता माजा काम. फुडचा माजा नाय."

मी गावात येऊन सगळं समजावून सांगते, असं मी म्हटलं. दोन धोंडे घेऊन येते, सगळ्यांसमोर दाखवते. तात्यांनी मान हलवली. "तसा करू नका. मुंबयची पोरं हसतील, बोलतील, तात्या पान्याचा ख्येळ करतो." पुडी बांधत ते म्हणाले, "आनि खोटा बी काय सांगू नका."

खरं सगळं सांगायचं नाही आणि खोटं काहीच सांगायचं नाही. सरकारी अहवाल लिहिण्याचा सराव असलेल्या माणसाला हे जड जाऊ नये, असं कुणाला वाटेल. पण सरकारी अहवाल वाचून कुणाचं घर बसत नाही. दोन दिवस मी वाक्यं जुळवत राहिले.

गाव बसला तो सकाळी, सभामंडपात. पलीकडच्या वाडीतली मंडळी नवी धोतरं नेसून आली होती. तात्या खांबाला टेकून बसले होते, नजर जमिनीकडे. आबांनी सुरुवात करताच मी उठले.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी देवाला जो लेप लावला तो खांद्यांवर लावायला नको होता. तिथे कौल लावतात हे मला ठाऊक होतं, दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी मी तात्यांना विचारलं नाही. तात्यांच्या हातून काही चुकलेलं नाही."

"म्हंजे द्येव रुसला नाय?" आबांनी विचारलं.

"रुसलाय की नाही ते मी कशी सांगणार? पण आबा, तुम्हांला रेनकोट घातला आणि वरून कुणी बोट लावलं, तर तुमच्या अंगाला ते लागेल का?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "माजी माय, द्येवाला रेनकोट घातलान हिनं." आणि सभामंडपात हसू फुटलं. ते हसू ऐकून माझा जीव भांड्यात पडला, कारण हसणारी माणसं सहसा कुणाची पूजा काढून घेत नाहीत. तरी पलीकडच्या वाडीतला एकजण म्हणालाच, "ह्या नुसता बोलना झाला. द्येव बोलला तर खरा."

"मंग काडा तो रेनकोट," आबा म्हणाले.

इथे माझ्यातली सरकारी बाई जागी झाली. सगळा नाही काढणार, मी म्हटलं, सगळा काढला तर खोल मुरलेलं मीठ वर येऊन पुन्हा पोपडे निघतील. फक्त खांदे मोकळे करते. आबांनी मान डोलावली. "म्हंजे बाह्या काडायच्या. बंडी ऱ्हाऊ द्या."

नंदादीप पुन्हा बाहेर गेला. कापसाचे बोळे टोल्यूइनमध्ये भिजवून मी खांदे पुसायला बसले. एक बोळा, एक पुसणं, बोळा फेकून द्यायचा. लेप वरून निघत होता, पण दगडाच्या छिद्रांत आत किती उरलाय, हे मला कुठलंही उपकरण सांगणार नव्हतं. पाकळी बसेल का, ते मला ठाऊक नव्हतं. दुपारपर्यंत पुसलं, मग दगड वाळू दिला. गाव जागचा हलला नाही. कुणी जेवायलाही गेलं नाही.

तात्या अंघोळ करून आले. पाकळ्या निवडल्या. मी गाभाऱ्याच्या कोपऱ्यात उभी, हातात घड्याळ. त्यांनी अनामिका पाण्यात बुडवली आणि एका पाकळीला फिरवली. मग पुन्हा बुडवली आणि दुसरीला. मी एवढ्या जवळून पाहत होते की माझ्या नजरेतून थेंब सुटला नसता. दोन्हींना सारखं. पाकळ्या खांद्यांवर टेकल्या.

बसल्या. दोन्ही.

मला वाटलं, आता पालखीचा दिवस विचारतील. तात्यांनी हात जोडले.

"बा द्येवा म्हाराजा, ह्या लेकीनं तुजा औशिदपानी केलान."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"तिच्या हातसून जा काय उना झाला, ता पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"फुडं तिनं तुज्या गाभाऱ्यात यवचा काय न्हवं, ता तूच सांग. यवचा तर उजवा दे. नको तर डावा दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते मला लगेच कळलं नाही. मग कळलं. गावाच्या मनात तोच होता. मला आत घेतलं ते बरोबर की चूक, हे देवाच्या तोंडून आल्याशिवाय तात्यांवरचा बोल जाणार नव्हता. मी त्या उजव्या पाकळीकडे बघू लागले. पाणी, छिद्रं, बाष्पीभवन, सगळं पाठ असलेली मी मनातल्या मनात एका पाकळीला विनवत होते : पड. पड ना गं.

घड्याळ सुरू करायचं राहून गेलं होतं, हे नंतर लक्षात आलं.

डावी पडली.

सभामंडपात जो गलका झाला तो आजही आठवतो. "द्येव बोलला! बोलला द्येव!" आबांनी तात्यांच्या पाठीत एवढ्या जोराने थाप मारली की ते पुढे झुकले. पलीकडच्या वाडीतली मंडळी आपली धोतरं सावरून उठली. त्यांना आता बोलायला जागा नव्हती. ज्याच्या हाताला देवाने स्वच्छ उत्तर दिलं, त्याला टाकलेला गुरव कोण म्हणणार? त्या सगळ्या आनंदात फक्त मला बाहेर जायचं होतं. मी बोळ्यांची पिशवी उचलली आणि उंबरठा ओलांडला. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते सुटकेचं होतं की माझ्यासाठी होतं ते मला कळलं नाही. मला रडू आलं. गोविंदमामा पेटीत बाटल्या भरत होते आणि कारण नसताना प्रत्येक बाटलीचं बूच दोनदा तपासत होते.

वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात 'लेप काढण्याचे कारण' असा रकाना होता. 'स्थानिक परंपरेच्या दृष्टीने आवश्यक' असं मी लिहिलं. साहेबांचं उत्तर आलं : कारण मोघम आहे, शास्त्रीय कारण द्यावे. ते अजून द्यायचं राहिलंय.

त्यानंतर दर वर्षी दिवाळी झाली की मी त्या गावी जात राहिले, देवाच्या तपासणीला. गाभाऱ्याच्या उंबरठ्याबाहेर पाट टाकून बसायची. आत तात्या. लगदा थापणं, तो घोळणं, थेंब टाकणं, सगळं त्यांनीच शिकून घेतलं. सिल्व्हर नायट्रेटने त्यांची बोटं काळी पडत. ते कौतुकाने ती आबांना दाखवत. थेंब मोजताना त्यांचा हात कधी हलला नाही. मी विजेरीचा झोत आत टाकून मूर्ती न्याहाळत असे. बाकीचं अंग जसंच्या तसं होतं. दोन्ही खांद्यांना मात्र बारीक खपल्या धरू लागल्या होत्या. मी स्वतःच्या हाताने उघडी केलेली तेवढीच जागा झिजत होती, आणि मला तिथे बोट लावायलाही मिळत नव्हतं. याचं वाईट वाटे, अजून वाटतं.

एका वर्षी मला राहवलं नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं. तात्या आत बाटलीचं बूच लावत होते.

"तात्या, त्या दिवशी डाव्या पाकळीला अंमळ जास्त पाणी लावलं असतंत तर?"

"तर ती धरून ऱ्हायली असती. उजवी पयली पडली असती."

"तुमच्यावरचा बोलही गेला असता. आणि मी आत असते. देवाचेही खांदे नीट राहिले असते."

ते बूच लावायचे थांबले. मग म्हणाले, "तुमच्या तकडं काचेच्या पेटीत तराजू हाय. मी आलो व्हतो तवा तुमी कायतरी जोखत व्हताव. वारा लागंल म्हनून पेटीचा दार लावलात, सोताचा स्वास बी दाबून धरलात." त्यांनी मान वर केली. "त्या तराजूवर तुमी कदी बोट ठ्येवताव काय?"

मी नोंदवही मांडीवर ओढली.

"घ्या," म्हणत त्यांनी परीक्षानळी उंबरठ्यावरून माझ्याकडे दिली. "औंदा खार कमी हाय. पन हाय."

मी नळी उजेडात धरून पाहिली आणि नोंदवही उघडली. तारीख, जागा, निरीक्षण, सगळं लिहिलं. शेवटचा रकाना 'चाचणी करणाऱ्याचे नाव' असा होता. एवढी वर्षं चाचणी तात्या करत आले होते आणि त्या रकान्यात दर वर्षी मी माझं नाव लिहीत आले होते. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मलाही काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी मागची पानं उलटली, त्यांच्या चाचण्यांच्या एकेका ओळीतलं माझं नाव खोडलं आणि प्रत्येक जागी 'धोंडू गुरव' असं लिहिलं.